गाठीचा रकाना

१ जुलै २००९, बुधवार

संस्थेच्या दारावरची पाटी वाचून मी रस्त्यातच थबकलो. 'अस्थीसंग्रह'. थ ला दुसरी वेलांटी. तत्सम इकारान्त शब्द समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व राहतो, एवढी साधी गोष्ट. दोनशे साठ माणसांची हाडं करंगळीच्या पेरापर्यंत नंबर घालून ठेवणाऱ्या संस्थेला एक वेलांटी जागेवर ठेवता येऊ नये, हा मराठी भाषेवरचा घोर अन्याय असून त्याविरुद्ध मी लेखी अर्ज करणार आहे. फक्त रुजू होण्याच्या दिवशी तक्रार नको, म्हणून अर्ज उद्या.

बाकी आगमन थाटात झालं. खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या मागच्या रस्त्याला ही जुनी बैठी इमारत. बाहेर ऊन असलं तरी आत थंडगार. गेटाशी भैरूची चहाची टपरी. मी चोवीस वर्षं बार्शीला एका दैनिकाचा वार्ताहर होतो, त्याआधी पाठशाळेत व्याकरण घोकलं, हे सगळं त्याला पहिल्याच कपाला सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हंजे हाडाच्या हापिसातले नवे कारकून तुमीच हाय का. हो म्हणावं लागलं. जुनी मोडी कागदपत्रं वाचून बाळबोधीत उतरवून देणारा सहा महिन्यांच्या कराराचा माणूस, याला दुसरं काय म्हणणार? दैनिकाने बार्शीचं ऑफिस जानेवारीत बंद केलं. बातम्या आता ईमेलने जातात म्हणे. वार्ताहराची वाट बघत बसत नाहीत.

इथल्या प्रमुख डॉ. सत्यशीला ओव्हाळ. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं आणि मोजलेलं. वडील याच कारखान्यात होते, बाई पलीकडच्या क्वार्टर्समध्ये वाढल्या. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि त्या फळीवर पुस्तकं आली; त्यांत एक शरीररचनेचं होतं, तिथून हा धंदा, असं त्या म्हणाल्या. माणसाचं शरीर हाच माणसाचा इतिहास, अशी त्यांची विद्या आहे. मला संस्कृत येतं हे कळल्यावर म्हणाल्या, असू दे, इथे कुणी अडणार नाही त्याच्यावाचून.

खोली बिबवेवाडीला, यमुनाबाईंकडे. माझी मुलगी पूर्वा खराडीला राहते. तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. जावई अभय सध्या कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत. अण्णा, इकडेच राहा ना, असं ती म्हणत होती. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि घराला लिफ्ट आहे म्हणून ती बदलत नाही. रविवारी जायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. पूर्वाला सहावा लागेल आता. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली. जगात माझं म्हणावं असं माणूस एकच. आता दीड.

४ जुलै, शनिवार

पाटीचा अर्ज दिला. सत्यशीलाबाईंनी तो वाचून त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

मग हाडं दाखवली. गेल्या वर्षी खराडीत एका आयटी इमारतीचा पाया खणताना सापडलेली, एकशे बारा वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या छावणीतली. सरण रचायला माणसं उरली नाहीत तेव्हा घाईने पुरलेले लोक. पूर्वाची कंपनी त्याच्या शेजारच्याच इमारतीत आहे. पुणं पुढे जातंय, फक्त खणल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एका कवटीला भोकं होती, एक नडगी पार वाकडी. मी मागे सरकलो, तर बाई म्हणाल्या, अहो, याला काय घाबरता. हाडावर खूण उमटायला महिने लागतात. ज्याच्यावर खूण आहे तो लढला, जगला, मग गेला. स्वच्छ हाडांना घाबरा. प्लेग तीन दिवसांत नेतो, हाडापर्यंत बातमी पोचतच नाही. आणि त्यांनी एकामागून एक खण उघडले. पांढरीशुभ्र, निरोगी, दृष्ट लागावी अशी हाडं.

दात मात्र सगळं ठेवतात, असं त्या म्हणाल्या. लहानपणी उपाशी राहिलेल्याच्या दातावर आडवी रेघ असते, आणि साथ आली की असले रेघवाले आधी जातात. साथ आंधळी असते हे खोटं. कोणाचं पोट रिकामं होतं, कोण एका खोलीत दहाजण निजत होतं, ते तिला बरोबर दिसतं. दाताच्या आतल्या पोकळीत जंतूची खूण शंभर वर्षांनीसुद्धा सापडते.

सतरा नंबरच्या खणात एका तरुण बाईचा सांगाडा आहे. कमरेच्या हाडांच्या मध्ये आणखी हाडं होती, पाखराच्या असतात तेवढी. मी लगेच उठून चहाला गेलो.

९ जुलै, गुरुवार

माझं खरं काम आज हाती आलं. छावणीच्या कारकुनाची मोडीतली नोंदवही, लाल खारव्याच्या जाड कापडाच्या चौकोनात बांधलेली. जुन्या दफ्तरात या चौकोनाला रुमाल म्हणतात. गाठ सोडली आणि इतकी धूळ उडाली की सलग अकरा शिंका आल्या. सुनीती म्हणून एक संशोधक विद्यार्थिनी आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ती म्हणाली, सर, हिस्टरीची अ‍ॅलर्जी आहे का तुम्हाला.

मोडीवर माझा जुना राग आहे. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पण या कारकुनाचा हात सुरेख. पाच रकाने: नाव, वय, आळी, गाठ, निकाल. गाठ म्हणजे अर्थात प्लेगची गाठ. त्या रकान्यात पूर्ण शब्द नाहीत. रा० रा० लिहायचे तसं पहिलं अक्षर आणि पुढे बारीक शून्य. का०, जा०, मा०. काख, जांघ, मान. उलगडायला मला अर्धं मिनिट लागलं. चेहऱ्यावर तसं दाखवलं नाही.

पहिल्या पानावर सही आहे. 'दस्तुर सीताराम, मु० बार्शी'. गाववालाच निघाला. पानांच्या समासांत चिमुकल्या बाळबोधीत स्वतःपुरतं काहीबाही लिहिलंय. 'छावणीचे पाटीवर अक्षर अशुद्ध.' आणि पुढे: 'रविवारी मुक्ताईकडे जाऊन आलो. लेकीचे घरी मुक्काम केला नाही.' वाचून बरं वाटलं. एकशे बारा वर्षांपूर्वी माझ्यासारखाच एक माणूस पुण्यात येऊन कुरकुरत होता.

२२ जुलै, बुधवार

सकाळी ग्रहण होतं. ढगांमुळे दिसलं काहीच नाही, पण पाळणाऱ्यांनी पाळलं. पूर्वाच्या सासूबाईंनी साताऱ्याहून फोन करून तिला बजावलं की काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, स्वस्थ बसायचं. तिने बसल्या बसल्या कंपनीचं काम केलं. टाइप करणं म्हणजे चिरणं नव्हे असा निवाडा तिने माझ्याकडून फोनवर घेतला. शास्त्रात कीबोर्डाचा उल्लेख नाही, असं मी सांगितलं.

एकाहत्तर नावं गेल्या आठवड्यातच उतरवून झाली. अठ्ठावन्न जणांपुढे का०. सत्यशीलाबाई तो आकडा बघून खुर्चीतून उठल्या. प्लेगची गाठ बहुतेक जांघेत येते, कारण पिसू पायाला चावते. इथे काखेत का? दोन दिवस विचार करून त्यांनी उत्तर काढलं. ही उशी नसलेली माणसं. जमिनीवर हात डोक्याखाली घेऊन निजणारी. काख उघडी, पिसवेच्या वाटेत. गरिबीची निजायची रीतसुद्धा साथीला वाट दाखवते. त्यावर एक निबंधसार परिषदेला पाठवलं, आणि त्यात माझं नाव आहे. आभारात का होईना. उत्तरेश्वर, थ नसल्याने वेलांटीचा प्रश्न नाही.

शिंका चालूच. धूळ.

२९ जुलै, बुधवार

शाळांमधून स्वाइन फ्लू निघतोय. पेपरात रोज आकडा. सत्यशीलाबाई म्हणाल्या, मेलेल्यांची साथ वाचतोच आहोत, जिवंतांचीही लिहून ठेवू. कोण कुणाला भेटतं यावरच साथ चालते, तर लोकांकडून आठवडाभर रोजच्या भेटी लिहून घ्यायच्या. सुनीतीने फॉर्म केला. तिला रकान्याला 'कॉन्टॅक्ट' म्हणायचं होतं. मी म्हटलं, मराठी माणसाच्या गाठी पडतात, कॉन्टॅक्ट होत नाहीत. 'गाठ' लिही. शिवाय गाठ म्हणजे ग्रन्थि, आणि ग्रंथही त्याच धातूचा. बांधतात तो ग्रंथ. सुनीती म्हणाली, सर, फॉर्म आहे, एवढं खोल नको. पण ठेवला शब्द.

वाटपाचं काम मी मागून घेतलं. चोवीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन माहिती काढली, ती कला वाया का घालवा. कागद खराब होऊ नयेत म्हणून जुन्या रिवाजाने स्वच्छ रुमालात बांधले. आणि प्रत्येकाकडून पहिली ओळ माझ्याच शाईच्या पेनने लिहून घेतो. बॉलपेनाने लिहिलेलं अक्षर मला दोन दिवसांत वाचता येत नाही. लांब नावांचा कंटाळा येत असेल तर पहिलं अक्षर लिहून पुढे शून्य द्या, ही शास्त्रोक्त सोयही शिकवली. आज भैरू, सुनीती आणि यमुनाबाई झाल्या. सत्यशीलाबाईंनाही सोडलं नाही.

घसा जरा धरलाय. पूर्वाला सातवा लागला. कंपनीने सोमवारपासून घरूनच काम करायला सांगितलंय. कामवालीलाही तिने सुट्टी दिली. मी म्हटलं, उत्तम, कुणाला दार उघडू नकोस. मी रविवारी येतोच आहे.

२ ऑगस्ट, रविवार

खराडीला जाऊन आलो. तिने भरली वांगी केली होती. आठवडाभर माणसाचं तोंड बघितलं नाही म्हणाली. दूधपिशवी दाराला, भाजीची पिशवी दाराला, अभय स्क्रीनवर. पुढच्या रविवारी डोहाळजेवण, सासूबाई येणार आहेत. पोट चांगलंच दिसायला लागलंय. चालताना कमरेवर हात ठेवते, अगदी आईसारखी.

माझे फॉर्म बघून तिलाही भरायची हौस आली. मलाही पाहणीत घ्या ना अण्णा, मी काय माणूस नाही का. दिलं पेन. विचार करताना टोपण दातात धरून बसली. तिसरीत होती तेव्हापासून ही सवय, किती पेनांची टोपणं चावून चपटी केली. गाठीच्या रकान्यात तिने लिहिलं: अण्णा. पुढे म्हणाली, दुसरं कोणी नाहीच की हो.

निघताना कढण करून दिलं. तुमचा आवाज बसलाय, म्हणाली.

३ ऑगस्ट, सोमवार

शहरात पहिला मृत्यू. शाळकरी मुलगी. बसमध्ये निम्मी तोंडं हातरुमालाने झाकलेली. यमुनाबाईंनी कापूर आणि वेलदोडे पुरचुंडीत बांधून माझ्या खिशात घातले, अधूनमधून हुंगायला. वहीच्या समासातही आहे हे: 'कापुराची पुरचुंडी गळ्यात बांधली. मला काही होत नाही.' हसू आलं. मग तितकंसं आलं नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज भैरूचा फॉर्म परत घेतला. दूधवाला, गॅसवाला, बायको. आणि रोजच्या ओळीच्या शेवटी एकच अक्षर. का०. माझ्या शिकवणुकीप्रमाणे शून्यासकट.

मी विचारलं, अरे, काखेचं काय लिहिलंस.

तो म्हणाला, काख न्हाय वो. कारकून. तुमीच की. रोज गाठ पडती न्हवं तुमची.

चहा तसाच ठेवून मी आत गेलो.

५ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. काख नाही, जांघ नाही, मान नाही. जा० म्हणजे जाऊ, मा० म्हणजे मावशी. त्या रकान्यात प्लेगची गाठ कधीच नव्हती. आजारी पडायच्या आधी कुणाशी गाठ पडली, ते तो लिहीत होता. मी सुनीतीला ज्या तोऱ्यात सांगितलं तोच अर्थ. माझ्याच तोंडचा शब्द मला वहीत दिसला नाही.

एकाहत्तरांपैकी अठ्ठावन्न जणांची गाठ कारकुनाशी.

सत्यशीलाबाईंना सांगितलं. त्यांनी निबंधसार मागे घेतलं, एका ओळीचं पत्र टाकून. मग वहीचा रुमाल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, तो घरोघरी जाऊन हा उंबऱ्यावर सोडायचा. आत पिसवा. गळ्यात कापूर, म्हणून त्याला चावत नसतील, किंवा चावूनही त्याने सोसलं असेल. काही माणसं सोसतात. उत्तरेश्वरजी, ज्याने मोजलं त्यानेच वाटलं.

आणि त्याला कळलं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, रकाना त्यानेच आखलाय ना.

६ ऑगस्ट, गुरुवार

टपरी बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं की भैरूला सोमवारपासूनच अंगात कणकण होती, आज ताप चढलाय.

वहीतलं पहिलं नाव छावणीच्या दारातल्या फराळवाल्याचं आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार

सुनीती आली नाही. एकशेतीन ताप. मेसेज केलाय: सर, पॉझिटिव्ह, डोन्ट वरी, फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये.

वहीतलं दुसरं नाव सीतारामबरोबर काम करणाऱ्या शिकाऊ उमेदवाराचं. तिसरं, तो ज्यांच्या घरी राहत होता त्या बाईचं.

सत्यशीलाबाईंपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, भूतबित काढू नका यातून. नव्या गावात आलेला माणूस आधी कुणाला भेटतो? दारातल्याला, शेजारच्या टेबलाला, घरमालकिणीला. शेवटी आपल्या माणसाला. शंभर वर्षांपूर्वी तेच, आजही तेच. साथीला पाय नसतात. ती आपल्या सवयीवर बसून जाते.

आणि खोकल्या.

मला वाटतं, भूत असतं तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट, शनिवार

पहाटे पाचपासून सरकारी दवाखान्याच्या रांगेत. दीड वाजता नंबर आला. ताप नाही, श्वास ठीक, तपासणीच्या नियमात वय बसत नाही, घरी जा. तपासणी करा म्हणून हात जोडले. मागचे लोक ओरडायला लागले. डॉक्टर म्हणाला, काका, ज्यांना खरंच झालंय त्यांना येऊ द्या.

घसा आता साफ बरा आहे. शिंकाही गेल्या. धूळ होती म्हणत होतो ती —

यमुनाबाई दुपारी निजल्या त्या उठल्या नाहीत. म्हणजे आहेत, पण कण्हतायत. त्यांच्या मुलाने रिक्षा आणली. मला म्हणाला, तुम्ही लांबच राहा, तुम्हाला व्हायचं.

मला.

९ ऑगस्ट, रविवार

डोहाळजेवण मीच रद्द करायला लावलं. सासूबाई चिडल्या. चिडू देत. त्यांना साताऱ्यातच थांबवलं. खराडीला गेलो नाही. फोन केला. पूर्वा हसून म्हणाली, अण्णा, किती घाबरता, मी एकटीच तर आहे. जरासा घसा खवखवतोय, एसीने असेल.

एसीने असेल. मी धुळीने म्हणत होतो.

फोन ठेवला. पेन बघितलं. टोपणावर दातांच्या खुणा आहेत — बारीक, दोन वरच्या, दोन खालच्या. एकीवर एक अशा नीट.

दात ठेवतात सगळं.

१० ऑगस्ट, सोमवार

शाळा बंद, सिनेमे बंद. लक्ष्मी रोडवर शुकशुकाट आहे म्हणे. संस्थेला कुलूप. सत्यशीलाबाई दवाखान्यात. फोनवर आवाज चिंधीसारखा. त्यांना विचारलं, गरोदर बाईला हा —

त्या म्हणाल्या, एकोणीसशे अठरा सालच्या फ्लूच्या तापात सगळ्यात जास्त — आणि मग म्हणाल्या, तिला आजच्या आज ॲडमिट करा. उद्या नाही. आज.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई घेऊन गेल्या तिला. तोंडाला ओढणी बांधून. देव त्यांचं भलं करो. मी गेलो नाही. मी जाऊ शकत नाही. मी जाणं म्हणजेच तर —

वही घरी आणली आहे. आणायला नको होती. शेवटचं पान मी उतरवलंच नव्हतं, डाग समजून. डाग नाही. शाईवर पाणी पडलंय.

'सौ० मुक्ताई. वय १९. कसबा. महिना सातवा.'

गाठीच्या रकान्यात: का

पुढे शून्य नाही. एकाहत्तर नोंदींत एकदाही शून्य विसरलेला नाही तो. मी भिंगाने पाहिलं. पुसलेलं नाही, फाटलेलं नाही. दिलेलंच नाही. कारकून लिहायचं होतं, की नुसतंच 'का' —

निकालाचा रकाना कोरा. त्यानंतर सगळी वही कोरी.

सतरा नंबर कोण, हे मी कुणाला विचारणार नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दवाखान्यातून फोन. श्वासाची नळी घातली आहे. बाळाचे ठोके आहेत. अजून आहेत, असं नर्सबाई म्हणाल्या. अजून.

मग विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत पेशंट कुणाकुणाला भेटली, यादी द्या. त्यांनाही फॉर्म भरायचा आहे.

सत्तावीस तारखेपासून ती दाराबाहेर पडली नाही. दूध दाराला. भाजी दाराला. यादी एकाच नावाची.

दुपारी. फोन नाही.

अभयचं विमान उद्या पोचतंय. त्याने विचारलं, हे आलं कुठून. मी म्हटलं, साथच आहे, कुठूनही येतं. चोवीस वर्षांत खोटी बातमी दिली नव्हती.

चार वाजता. फोन नाही.

पाटीवरची वेलांटी, मोडीतले अनुस्वार, बॉलपेनं. एवढं बारीक बघत होतो मी. खरं लिहितो. मला ताप येईल याची भीती नाही. आला असता तर उलट बरं झालं असतं. मुक्ताईच्या बापाला काही झालं नाही, मलाही होणार नाही, ही भीती आहे. पूर्वा जाईल आणि मी धडधाकट राहीन. ती आठवडाभर वाट बघत होती एका माणसाची, आणि तो रीत पाळून, रविवार पाळून, पेन घेऊन —

फोन वाजतोय.

आधी फॉर्म भरतो. ओळ पुरी केल्याशिवाय उचलणार नाही. ओळ पुरी होईपर्यंत ती —

सौ० पूर्वा. वय २८. खराडी. महिना सातवा. गाठ: का